विषम प्रकरणं तुझी, सम माझी

१० नोव्हेंबर

वकीलीणबाई,

माझं सगळं बदललं ते मी वर्गाचं दार आपटलं त्या क्षणी. आणि डबा आत बाकावरच राहिला, हे मला दार आपटल्यावर कळलं.

परत आत जाऊन उचलायचा? सर म्हणाले असते, "या, या! राग जेवणाच्या सुट्टीपुरताच होता वाटतं." म्हणून नाही गेलो. त्या दिवशी उपाशी घरी आलो आणि पुन्हा कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आई अजून म्हणते, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, डबा कुठे सोडलास?"

तू मात्र बसून राहिलीस. सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, या मुलानं शेजारणीची, म्हणजे तुझी, वही उतरवली, चुकासुद्धा तिच्याच घेतल्यात. आणि तू, जिला बागेतल्या वॉचमनशी गवतावर बसण्यावरून तासभर भांडता येतं, ती तू मान खाली घालून समास आखत होतीस. सरळ रेघेत. मी दारापर्यंत गेलो, वळून पाहिलं, तर तू पट्टी पुढे सरकवत होतीस. त्या पट्टीचा मला अजून राग आहे.

असो. हे लिहायला बसलो नव्हतो.

मी आता बाइंडरकाकांकडे कामाला आहे, हे तुझ्या ताईंनी कळवलं असेलच. त्यांचं मेडिकलचं दुकान बरोबर समोर. औषधं कमी विकतात, माझ्यावर नजर जास्त ठेवतात. आज सकाळी वाचनालयातून मोडक्या पुस्तकांचा गठ्ठा आला, दोरी सोडली आणि सगळ्यात वर ती. आपली कादंबरी. पाठ उसवलेली, पुठ्ठा लोंबतोय, आणि तुझ्या अंगठ्याचा शाईचा ठसा जिथल्या तिथे.

वाचनालयात एकच प्रत, तिच्यावर दोघांनीही हात ठेवलेला, आणि तूच निकाल दिलास. "यात दोन गोष्टी आहेत, आळीपाळीनं. विषम प्रकरणं माझी, सम तुझी. आपापलं वाचायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. दुसऱ्याच्या प्रकरणात डोकावायचं नाही." एकाच पानावर माझं संपून तुझं सुरू व्हायचं तिथे आपण पट्टी आडवी धरायचो. हो, तीच पट्टी. तर मला नावाडीण आणि मोजणीवाला मिळाले, तुला त्याच नदीकाठची साठ वर्षांपूर्वीची शिंपीण आणि घड्याळजी. जिन्यावर बसून तू मला घड्याळजीची भांडणं सांगायचीस, मी तुला नावेतलं सांगायचो. आणि शेवटाला दोनतीन प्रकरणं उरली असताना मी दार आपटलं.

आज ते पुस्तक हातात धरलं आणि डोकंच फिरलं. म्हटलं, संपवून टाकू. उसवून याची दोन पुस्तकं करतो. तुझी गोष्ट तुला, माझी मला. तुझ्या वाटणीचं त्या परगावच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या होस्टेलवर पार्सल करतो. तिथे बस चष्म्याचे नंबर काढत, आणि फावल्या वेळात वाच.

वाचनालयाला काय सांगायचं ते नंतर बघू.

— भडका
(हे नाव तूच ठेवलंस, जसं तुझं वकीलीणबाई मी. सही तरी दुसरी काय करू?)

१२ नोव्हेंबर

वकीलीणबाई,

पहिलं पत्र टाकलं नाही. पाकिटाला तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. का ते विचारू नकोस.

काल काका बाहेर गेले होते तेवढ्यात मी कात्री चालवली. तुला हे काम ठाऊक नाही म्हणून सांगतो. पुस्तकातली पानं सुटी नसतात. मोठा कागद घड्या घालून त्याची जुळी पानं होतात, अशा घड्यांचं एकेक जुज करून मधल्या घडीतून दोरा ओवतात. दोऱ्याला धरायला ती घडीच असते. मी काय केलं? सगळ्या घड्या कापल्या. सुट्या पानांचे दोन ढीग मांडायला बसलो: डावीकडे तू, उजवीकडे मी.

काका आले. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत उभे राहिले.

"हे काय मांडलंयस?"

"दोन पुस्तकं करतोय. यात दोन गोष्टी आहेत काका, एकमेकींशी काही घेणंदेणं नाही. उगाच एकत्र शिवल्यात."

"वाटणी करतोयस? शेत आहे का ते?" त्यांनी उजव्या ढिगातलं एक पान उचललं. "हे कुणाचं?"

"माझं."

त्यांनी पान उलटलं. "आणि हे?"

मागच्या बाजूला शिंपीण मशीनवर बसलेली होती.

"आता काय, पानाची जाडी चिरणार आहेस मधोमध?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. इतके दिवस पट्टी धरून वाचत होतो आपण! पण राग आला की माझ्या डोक्यातून अशाच गोष्टी आधी जातात. आतून दोरा ओवता ओवता काकू म्हणाल्या, "अहो, प्रेमात पडलेल्या पोराच्या हातात कात्री देऊ नका, कितीदा सांगितलं तुम्हाला."

"मी प्रेमाबिमात नाहीये," मी म्हटलं.

"नाही ना? मग खळ शिजव."

शिक्षा अशी आहे. कापलेल्या प्रत्येक पानाला त्याचं जुळं शोधायचं, पातळ कागदाची पट्टी खळीनं लावून दोन्ही पुन्हा जोडायची, म्हणजे दोऱ्याला घडी मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयाच्या बाई पुस्तक न्यायला येणार. तोवर मला दुसरं काम नाही. माझ्या बोटांना बोटं चिकटलीत. कागदाला कागद चिकटायचा तेव्हा चिकटेल.

आणि एक. जुळं पान शोधायचं तर मजकूर वाचावाच लागतो, पानांचे आकडे बऱ्याच ठिकाणी कुरतडले गेलेत. म्हणजे मला तुझी प्रकरणं वाचावी लागणार. नियम मी मोडत नाहीये, काका मोडायला लावतायत, हे नोंदवून ठेव.

— भडका

१४ नोव्हेंबर, दुपार

खोटारडे!

मायना नाही, काही नाही. हाच मायना.

दोन दिवस मी पानं जोडतोय आणि वाचतोय. जोडणं कमी, वाचणं जास्त. काका दोनदा खेकसले. आधी मान्य करतो, कादंबरी भन्नाट आहे. आपण ती अर्धी अर्धी खाल्ली आणि चव घालवली. सलग वाचताना जीव टांगणीला लागतो गं! इकडे नावाडीण पुरात उडी टाकते, आता वर येते की नाही, आणि हा लेखक मला मानगुटीला धरून साठ वर्षं मागे नेतो आणि शिंपिणीच्या दुकानात बसवतो. तिथे घड्याळजी तिच्याकडे न बघता तिच्या भिंतीवरचं घड्याळ बघतोय. मी म्हटलं, अरे तिला बुडव नाहीतर काढ, घड्याळ कसलं दाखवतोस! आणि चार पानांत मी नावाडिणीला विसरलो, कारण इथे शिंपिणीनं त्याला विचारलं, "घड्याळ बंद पडलंय की तुम्ही?" आता इथून हलायचं नाही म्हटलं, तर प्रकरण संपलं. पुन्हा नदी. असा राग येतो, आणि असा आनंद होतो की उठून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. काकू म्हणाल्या, बाथरूम मागे आहे.

आणि तो कोट! माझ्या गोष्टीत मोजणीवाला एक जुनाट कोट घालून नदीचं माप घेत फिरतो, त्याचा आतला खिसा शिवून बंद केलेला आहे. मला वाटलं, गरिबाचा कोट, असेल कसातरी. तुला सांगितलाच नाही. आता तुझ्या नवव्या प्रकरणात बघतो तर शिंपीण तोच कोट शिवतेय! घड्याळजीसाठी! खिशात काहीतरी ठेवते आणि तोंड शिवून टाकते. आणि तू मला हे सांगितलं नाहीस. शिवणकामाचं वर्णन म्हणून गाळलंस ना? मी कोट गाळला, तू खिसा गाळलास. दोन अर्ध्या माणसांनी वाचलं की असं होतं.

पण खोटारडी म्हटलं ते यासाठी नाही.

तू मला काय सांगायचीस? घड्याळजी तापट. प्रत्येक भांडणात दुकानातून तरातरा निघून जातो आणि प्रत्येक वेळी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत येतो. एकदा चष्मा. एकदा टोपी. एकदा किल्ल्या. दारात उभा राहून छताकडे बघत म्हणतो, "चष्मा राहिला वाटतं." आणि शिंपीण म्हणते, "नाकावर आहे." मी हसून लोळायचो. तुला म्हणायचो, किती विसराळू आहे हा गाढव! तू नुसती माझ्याकडे बघत राहायचीस.

पुस्तकात यातलं काही नाही! एक अक्षर नाही. दोनदा शोधलं, पानं हरवली असतील म्हणून जमिनीवर बसून कचरापेटीसुद्धा उपसली. पुस्तकातला घड्याळजी जातो तो जातो. पहिल्या भांडणानंतर बरेच दिवस येत नाही, तीच त्याच्या दुकानी जाते. दुसऱ्यांदाही तीच. तिसऱ्यांदा ती थकते. मग तो सामान बांधतो, आणि तिथे लेखकानं काय लिहिलंय: चिमटे, भिंग, तेलाची बाटली, टोपी, चष्मा, एकेक वस्तू मोजून पेटीत. "काही राहिलं नाही ना, ते त्यानं पुन्हा एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं." संपलं. एवढा चोख माणूस. सुईसुद्धा विसरत नाही.

मग ते चष्मा, टोपी, किल्ल्या कुठून आणलंस? मला वेड्यात काढत होतीस? जिन्यावर बसून इतके दिवस थापा मारल्यास आणि मी खुळ्यासारखा "पुढे? पुढे?" करत होतो.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

ताई आत्ता येऊन गेल्या. मी वरचं पत्र लिहून रागानं नुसता धुमसत होतो, नेमक्या तेव्हाच.

"रविवारी ती पुढे जातेय," म्हणाल्या. "समुद्रापलीकडच्या दवाखान्यात. दोन वर्षं तरी येणार नाही. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत आहे.

"बरं. तुझा डबा तिच्याकडे आहे, तिनं जाताना इथून बरोबर नेला होता. सामान बांधतेय, विचारलंय त्याचं काय करू. सामानात घेऊ का?"

तिसऱ्यांदा डबा! परीक्षेनंतर एकदा निरोप आला होता, डबा माझ्याकडे राहिलाय, न्यायला ये. मी सांगितलं, नवा घेतला. तिकडे जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तोच. मी सांगितलं, तुलाच ठेव, सरांना घालून दे त्यात. आणि आज तिसऱ्यांदा. दोन वर्षांसाठी समुद्रापलीकडे निघालीस, आणि निरोप कसला तर डब्याचा!

"भंगारात द्यायला सांगा," मी म्हटलं.

ताई निघाल्या. पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "तू ना, डोकं आधी बाइंडिंगला टाक." समोर जाऊन कुणाला तरी खोकल्याचं औषध देऊ लागल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खळ वाळली. उद्या पुन्हा शिजवावी लागणार.

१५ नोव्हेंबर

वकीलीणबाई,

आज सकाळी मी ते पान जोडत होतो. घड्याळजी पेटी भरतो ते. त्याचं जुळं पान जुजाच्या पार दुसऱ्या टोकाचं, माझ्या गोष्टीतलं. नावाडीण मोजणीवाल्याला पैलतीरी उतरवते आणि त्याचा डबा नावेतच राहतो. तो हाका मारत काठाकाठानं पळतो आणि ती मुद्दाम ऐकू येत नाही असं दाखवते. म्हणजे तो पुन्हा यावा. हे मीच तुला सांगितलं होतं. तुला इतकं आवडलं होतं की तू पुन्हा सांगायला लावलंस.

पट्टीला खळ लावली, दोन्ही पानं शेजारी ठेवली. डावीकडे एक माणूस काहीच न विसरता निघून जातोय, उजवीकडे एकाचा डबा राहिलाय. आणि माझा हात तसाच राहिला.

चष्मा. टोपी. किल्ल्या. डबा.

मी किती मोठा बैल आहे गं!

काका म्हणाले, "काय झालं? पुन्हा कापलंस?"

"काका, एखादीनं तीन वेळा निरोप पाठवला की तुमचा डबा माझ्याकडे राहिलाय, तर त्याचा अर्थ काय?"

"डबा राहिलाय."

"अहो!" काकू आतून ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "तू काय उत्तर पाठवलंस?"

मी सांगितलं. पहिलं, दुसरं, तिसरं. काकूंनी हातातली सुई गादीत टोचून ठेवली. माझ्यासाठी त्यांनी सुई खाली ठेवलेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाल्या, "भंगारात? भंगारात म्हणालास? अरे, हे बघा हो, याच्यासारखाच एक माझ्या नशिबी आला, पण तो निदान मुका होता."

काका एकदम पुठ्ठे मोजायला लागले.

मग दुपारभर मी तुझ्या सगळ्या थापा आठवत बसलो. चष्म्याची सांगितलीस ती आपलं कँटीनमध्ये वाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. टोपीची सांगितलीस तेव्हा मी तुझ्याशी अबोला धरून होतो आणि फक्त कादंबरीपुरता जिन्यावर आलो होतो. किल्ल्यांच्या वेळी तर तू स्पष्ट विचारलंस, "तुला काय वाटतं, तिनं त्याला खोटारडा म्हणावं की आत घ्यावं?" मी म्हटलं, आत घ्यावं, त्यात काय. तू म्हणालीस, "हं." आणि पुढचं प्रकरण सुरू केलंस.

तू मला दार उघडं ठेवून दाखवत होतीस आणि मी घड्याळजीला हसत होतो.

एवढ्यावर तुझ्या नावानं खडे फोडायचं बंद करतो, कारण माझेही हात काही स्वच्छ नाहीत. तुला सांगितलेला मोजणीवाला पुस्तकात नाही. पुस्तकातला अगदी बुजरा आहे, पुलाच्या कंत्राटदारापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी त्याला कंत्राटदाराच्या कानाखाली वाजवायला लावली. तू टाळ्या वाजवल्यास, म्हणून पुढच्या प्रकरणात आणखी दोघांच्या वाजवायला लावली. मी उगाच मारामाऱ्या घातल्या, तू उगाच परत येणं घातलंस. आपण जिन्यावर जी कादंबरी वाचली ती कुठल्याच वाचनालयात मिळायची नाही. छापलेली चांगली आहे, पण आपली जास्त चांगली होती. निदान तुझा अर्धा भाग.

आता बसवत नाही. उभा राहूनच लिहितोय. रविवार परवावर आला. डबा भंगारात गेला असेल का? ताईंना विचारायला दोनदा रस्ता ओलांडला आणि दोनदा खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो. मला खोकला नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "भंगाराचं मी कळवलेलं नाही. सांगितलंय, तो विचार करतोय. करतोयस ना?"

मी काउंटरवर डोकं टेकवलं. गिऱ्हाइकाला वाटलं चक्कर आली.

— भ.

१६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

वकीलीणबाई,

काल पुस्तक पुरं झालं. जोडून, शिवून, पाठीला सरस लावून शिकंज्यात आवळलं, नवा पुठ्ठा चढवला. मधली पानं पट्ट्यांमुळे जरा जाड झालीत, मिटलं तरी पोटाशी फुगलेलं राहतं. काका म्हणाले, "जेवलेलं दिसतंय."

शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही. हे तुला खरं वाटणार नाही, पण खळीची शपथ. तिथली पानं जोडताना वर कोरा कागद धरला होता, तुझ्या पट्टीसारखा. एवढंच दिसलं की त्याला आकडाच नाही. सम नाही, विषम नाही. वर कोपऱ्यात कोट हा शब्द दिसला आणि मी डोळे मिटून घेतले. खिसा उसवतात वाटतं. आत काय आहे देव जाणे. हे प्रकरण कुणाचं ते आपलं ठरलं नव्हतं, तर आता ठरवावं लागेल.

संध्याकाळी वाचनालयाच्या बाई आल्या. पुस्तक उघडून बघितलं, वास घेतला. मी म्हटलं, पहिलं मलाच द्या, माझ्या नावावर लिहा. म्हणाल्या, "रांगेत आठ जण आहेत." काका म्हणाले, "त्यानंच कापलंय, त्यालाच निस्तरू द्या." बाईंना काय कळलं कोण जाणे, पण दिलं. "बुधवारी परत," म्हणाल्या. "आणि कडक. एक पान दुमडलेलं चालणार नाही."

तर आता निघतो. गाडी सकाळची आहे, दुपारी तुझ्या होस्टेलच्या दारात असेन. ही सगळी पत्रं बरोबर आहेत, "खोटारडे" वालंसुद्धा. ते आधी वाचू नकोस. नाहीतर आधीच वाच, काय ते एकदाच भांडून घे. तुला थांब म्हणायला येत नाहीये. समुद्रापलीकडे जा, दोन वर्षं जा, जगाच्या डोळ्यांना नंबर लाव. मी वाट बघण्यात किती वाईट आहे ते तुला माहीत आहे, पण शिकेन. वहीचं काय झालं, सरांचं काय झालं, तू का बसून राहिलीस, ते तू सांगशील तर ऐकेन. मधे बोलणार नाही. बरं, एकदाच बोलेन.

काय म्हणायचं ते मात्र पाठ केलंय. दारात उभा राहीन, छताकडे बघीन, आणि म्हणेन, "डबा राहिला वाटतं." पुढचं वाक्य तुझं आहे. आत घ्यायचं की खोटारडा म्हणायचं, ते तू ठरव. घड्याळजीच्या बाबतीत मी माझं मत दिलेलं आहे.

गाडीची वेळ होत आली. पुस्तक पिशवीत घातलं. पेन हे हातात आहे ते खिशात जाईल. काही राहिलं नाही ना म्हणून खोलीभर बघितलं, मग आठवलं, राहिलंय म्हणून तर निघालोय.

आई विचारतेय, "एवढ्या सकाळी कुठे निघालास?"

"डबा आणायला."

हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "झाकणाची रबरी कडी बघून घे, सैल होती. आणि दार आपटू नकोस."

नाही आपटत. ओढून घेतो.